बाळाचे पहिले चोवीस तास
(हिपॅटायटीस बीच्या इतिहासावरचं रेडिओ-भाषण)

 

आज बोलायचं आहे एका काविळीबद्दल. ही कावीळ बहुतेक वेळा डोळ्यांत दिसत नाही, अंगावर दिसत नाही, वर्षानुवर्षं रक्तात गुपचूप राहते. तिचं नाव हिपॅटायटीस बी. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते गरोदरपणात. दवाखान्यात रक्त घेतात, तेव्हा एचआयव्ही आणि सिफिलिस यांच्याबरोबर हीसुद्धा तपासणी होते. कागदावर ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असं लिहून आलं, की घरातली हवाच बदलते. कुणी तिचं ताट-तांब्या वेगळा करतं. कुणी म्हणतं, बाळाला अंगावर पाजू नकोस. कुणी तिला माहेरी पाठवून देतं. आणि एक प्रश्न तर ठरलेलाच असतो, ‘हे हिनं कुठून आणलं?’

हा प्रश्न विचारायला एक क्षण पुरतो. त्याचं खरं उत्तर शोधायला मात्र शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. आज त्या शंभर वर्षांची गोष्ट सांगते. शेवटपर्यंत ऐका, कारण या गोष्टीच्या शेवटाशी तुमच्या-माझ्या गावातल्या बाळांचा थेट संबंध आहे.

माळ वाढते, कावीळ उतरते

आपल्याकडे कावीळ झाली की आधी माळ घालतात. ती जसजशी लांब होत पोटाकडे उतरते, तसतशी कावीळ उतरते असं म्हणतात. कुठे हातावर चुन्याचं पाणी घालतात, पाणी पिवळं होतं, मग कावीळ निघाली असं सांगतात. अशा उपायांनी बरी झालेली माणसं प्रत्येक गावात सापडतात. ती खोटं बोलत नसतात. मग खरं काय?

कावीळ हे आजाराचं नाव नाही, ती आजाराची खूण आहे. यकृत, म्हणजे लिव्हर, बिघडलं की डोळे पिवळे होतात. यकृत बिघडवणारे विषाणू वेगवेगळे आहेत. घाण पाण्यातून आणि अन्नातून येतात ते ए आणि ई. रक्तातून येतात ते बी आणि सी. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मोठ्या माणसाला बी झाला, तरी बहुतेकांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं. बरं व्हायची वेळ आणि माळ लांब व्हायची वेळ एकच पडते, म्हणून श्रेय माळेला मिळतं.

घोटाळा होतो तो ज्यांच्या शरीरातून बी जात नाही त्यांचा. त्यांचे डोळे पिवळे होत नाहीत, भूक लागते, शेतातलं काम होतं. वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी भरतं, रक्ताची उलटी होते किंवा यकृताचा कॅन्सर निघतो. तेव्हा माळ घालायला उशीर झालेला असतो आणि औषधालाही बराच उशीर झालेला असतो.

ब्रेमेनचे कामगार आणि अमेरिकेचे सैनिक

रक्तातून येणाऱ्या काविळीची पहिली नीट नोंद जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातली आहे. साल १८८३. तिथल्या जहाज बांधणीच्या कारखान्यात १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. त्या काळी ही लस एका माणसाच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचत. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यात, तेच पाणी पिणाऱ्या, तेच अन्न खाणाऱ्या, पण ती लस न टोचलेल्या नव्या कामगारांना काही झालं नाही. लुर्मान नावाच्या डॉक्टरांनी हे सगळं लिहून ठेवलं. दोष पाण्यात नव्हता, टोचलेल्या लसीत होता. विषाणू कसा असतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण रक्ताशी संबंध आहे एवढं त्यांच्या नोंदीतून दिसत होतं.

तरी हीच चूक पुन्हा झाली, आणि फार मोठी झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या सैनिकांना पीतज्वराची लस दिली. ती टिकावी म्हणून त्यात माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, मिसळला होता. तो ज्यांच्याकडून घेतला त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात हा विषाणू होता. सुमारे ५०,००० सैनिक काविळीनं दवाखान्यात पडले. पुढे १९८० च्या दशकात संशोधकांनी त्या वेळच्या सैनिकांना शोधून त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. लागण सुमारे ३ लाख ३० हजार सैनिकांना झाली असावी, म्हणजे बहुतेकांना कावीळ दिसलीसुद्धा नव्हती. आणि तपासलेल्यांत विषाणू कायमचा घर करून राहिला असे शंभरात एकसुद्धा नव्हते.

ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. धडधाकट मोठ्या माणसाचं शरीर या विषाणूला बहुतेक वेळा हरवतं. मग जगात कोट्यवधी लोकांच्या रक्तात तो कायमचा राहतो कसा? याचं उत्तर पुढे येईल, आणि ते एका बाळाजवळ सापडेल.

आपलंच रक्त तपासणारी मुलगी

१९६० च्या दशकात अमेरिकेत बारूख ब्लूमबर्ग नावाचे डॉक्टर होते. ते काविळीवर काम करतच नव्हते. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या रक्तात काय फरक असतात हे ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी जगभरातून रक्ताचे नमुने जमवले होते. ज्यांना पुष्कळ वेळा दुसऱ्यांचं रक्त चढवलं आहे अशा रुग्णांच्या रक्ताशी ते नमुने जुळवून पाहायचे. १९६३ च्या सुमाराला ते आणि हार्वे ऑल्टर असं काम करत असताना एका रुग्णाचं रक्त ऑस्ट्रेलियातल्या एका मूळनिवासी माणसाच्या रक्ताशी जोडी लावून बसलं. दोन्ही रक्तांच्या मध्ये एक रेघ उमटली. हे काय आहे ते कळेना. म्हणून त्याला नाव दिलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’.

त्याचा अर्थ लागायला आणखी काही वर्षं गेली. ब्लूमबर्ग यांच्या प्रयोगशाळेत बार्बरा वर्नर नावाची एक तरुण तंत्रज्ञ होती. रोज हे नमुने हाताळणं हे तिचं काम. १९६७ च्या एप्रिलमध्ये तिला बरं वाटेना. तिला शंका आली, म्हणून तिनं स्वतःचंच रक्त तपासलं. तीच रेघ, पुसटशी, तिच्या रक्तात उमटली. पुढे तिला कावीळ झाली. ती पूर्ण बरी झाली. या तपासणीनं ओळखलेला काविळीचा हा पहिला रुग्ण, आणि ओळखणारीही तीच.

ती रेघ म्हणजे हिपॅटायटीस बीच्या विषाणूवरचा बाहेरचा अंगरखा. आज आपल्या कागदावर ‘एचबीएसएजी’ म्हणून जे लिहून येतं ते हेच. या शोधानंतर रक्तपेढ्यांना रक्त चढवण्याआधी तपासता येऊ लागलं आणि रक्तातून होणारी लागण कमी झाली. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचा वाढदिवस २८ जुलै. म्हणून हा दिवस जगभर हिपॅटायटीस दिन म्हणून पाळतात.

या इतिहासात एक काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रूक नावाची मतिमंद मुलांची संस्था होती. तिथे १९५० आणि ६० च्या दशकांत डॉक्टरांनी मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून अभ्यास केला. त्यातून शास्त्राला माहिती मिळाली हे खरं, पण त्या मुलांना ‘नको’ म्हणता येत नव्हतं. पुढे त्यावर मोठी टीका झाली. आज आपल्या संमतीशिवाय आपल्यावर प्रयोग करता येत नाही, कागदावर सही मागण्याआधी समजावून सांगावं लागतं, या नियमांमागे अशी मुलं आहेत. म्हणून सही करण्याआधी विचारायची लाज वाटू देऊ नका.

तैवानच्या आया

आता बाळाकडे येऊ. चीनच्या शेजारी तैवान नावाचं बेट आहे. १९७० च्या दशकात तिथे शंभरातल्या दहापेक्षा जास्त लोकांच्या रक्तात हा विषाणू होता. यकृताच्या कॅन्सरनं तिथली कर्ती माणसं मरत होती. अमेरिकेतून पामर बीस्ली नावाचे डॉक्टर तिथे गेले. त्यांच्याबरोबर क्लॅड स्टीव्हन्स आणि तैवानच्या लू-यू ह्वांग या दोन महिला डॉक्टर होत्या. त्यांनी गरोदर बायांची आणि नंतर त्यांच्या बाळांची तपासणी सुरू केली.

त्यांना दिसलं ते असं. ज्या आयांच्या रक्तात विषाणू भरपूर होता, त्यांच्या शंभरातल्या नव्वदच्या आसपास बाळांना लागण झाली. ज्यांच्या रक्तात तो थोडा होता, त्यांच्या पुष्कळच कमी बाळांना झाली. विषाणू थोडा की फार हे ओळखायला त्या काळी ‘ई अँटिजेन’ नावाची खूण वापरत. विषाणूचं प्रमाण जितकं जास्त तितका धोका जास्त, हा धडा तेव्हाच मिळाला होता. त्याचा पुरता उपयोग करायला मात्र पुढे चाळीस वर्षं गेली.

दुसरी गोष्ट. बहुतेक बाळांना लागण पोटात असताना होत नव्हती. ती होत होती बाळंतपणाच्या वेळी, आईचं रक्त आणि पाणी बाळाला लागतं तेव्हा. आणि बाळाला लागण झाली, की ती जात नव्हती. आताच जन्मलेल्या बाळाचं शरीर आपलं आणि परकं ओळखायला शिकत असतं. त्याला हा विषाणू घरातलाच वाटतो, म्हणून ते त्याच्याशी लढत नाही. जन्माच्या वेळी लागण झालेल्या १०० पैकी सुमारे ९० बाळांच्या रक्तात तो जन्मभर राहतो. मोठेपणी लागण झाली तर १०० पैकी ५ पेक्षाही कमी जणांच्या राहतो. मघाच्या सैनिकांचं कोडं इथे सुटलं.

मैत्रिणींनो, ‘हिनं कुठून आणलं’ याचं उत्तरही इथेच आहे. आज पंचवीस वर्षांच्या सुनेच्या रक्तात हा विषाणू कायमचा राहिलेला दिसला, तर बहुधा तो तिला तिच्या जन्माच्या वेळी किंवा लहानपणी मिळालेला असतो. तिच्या आईलाही माहीत नसतं. तेव्हा ही तपासणी आणि लस सगळ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. किंवा लहानपणी न उकळलेल्या सुईनं दिलेलं इंजेक्शन, एकाच सुईनं सगळ्या पोरींना केलेलं गोंदण, जत्रेतलं नाक-कान टोचणं, दुसऱ्याच्या जखमेचं लागलेलं रक्त, असं काहीही असू शकतं. यात तिच्या चालचलणुकीचा पुरावा शोधणं म्हणजे तिला विनाकारण शिक्षा देणं आहे.

बीस्ली आणि ह्वांग यांनी आणखी एक काम केलं. तैवानच्या २२,७०७ सरकारी नोकरांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८१ साली त्यांनी निकाल छापला. त्यांच्यातले ४१ जण यकृताच्या कॅन्सरनं गेले होते, आणि त्या ४१ पैकी ४० जणांच्या रक्तात हा विषाणू होता. एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. हा विषाणू थांबवला तर कॅन्सर थांबेल, हे त्यातून ठरलं.

जगातली पहिली कॅन्सर-प्रतिबंधक लस

१९८१ साली अमेरिकेत हिपॅटायटीस बीच्या लसीला परवानगी मिळाली. ती बाधित माणसांच्या रक्तातून विषाणूचा अंगरखा वेगळा काढून, शुद्ध करून बनवत. १९८६ साली यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्या बारीक जिवांमध्ये, तो अंगरखा तयार करायचं तंत्र आलं. मग माणसाच्या रक्ताची गरजच उरली नाही. आज आपल्या बाळांना मिळते ती अशीच लस.

तैवाननं जुलै १९८४ मध्ये बाधित मातांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली, आणि १९८६ पासून सगळ्याच नवजात बाळांना. जास्त धोक्यातल्या बाळांना लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देत. त्यात विषाणूशी लढणारी तयार शिपाई-फौज असते. लस बाळाला स्वतःची फौज उभारायला शिकवते, हे इंजेक्शन तोपर्यंत राखण करतं. दहा वर्षांतच फळ दिसलं. ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर जवळजवळ निम्म्यावर आला. पूर्वी शंभरातली दहा मुलं बाधित असायची, पुढे एकाहून कमी झाली.

आपल्याकडे सुरुवातीला ही लस परदेशातून यायची आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीनं ती देशातच बनवली, मग इतरांनीही बनवली आणि किंमत खूप उतरली. २००२-०३ मध्ये सरकारनं निवडक जिल्ह्यांत आणि शहरांत ती सुरू केली, नंतर १० राज्यांत, आणि २०११ पर्यंत देशभर. आज सरकारी वेळापत्रकात पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांच्या आत आहे. नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून पुढचे डोस मिळतात.

लस आली तरी सुईचं दुखणं संपलं नव्हतं. २००९ साली शेजारच्या गुजरातमध्ये, साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात, वापरलेल्या सिरिंजा आणि सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटीस बीची मोठी साथ पसरली. शेकडो लोकांना लागण झाली आणि अनेक माणसं दगावली. ब्रेमेनच्या कारखान्याला तेव्हा सव्वाशे वर्षं झाली होती.

गोळीनं विषाणू दाबतो म्हणजे काय

आता ज्यांच्या रक्तात विषाणू आधीच आहे त्यांचं काय, ते सांगते.

१९९० च्या दशकापर्यंत त्यांच्यासाठी फारसं काही नव्हतं. मग एचआयव्हीसाठी शोधलेलं लॅमिव्हुडिन हे औषध हिपॅटायटीस बीवरही चालतं हे लक्षात आलं. १९९८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रोज एक गोळी. विषाणूची वाढ थांबायची. पण काही वर्षांत पुष्कळ जणांमधला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा व्हायचा. पुढे २००५ साली एन्टेकाव्हिर आणि २००८ साली टेनोफोव्हिर ही अधिक भरवशाची औषधं या आजारासाठी आली.

विषाणू दाबून फायदा होतो का, याचाही पुरावा तैवाननंच दिला. १९९१-९२ मध्ये सात गावा-नगरांतून ३,६५३ बाधित लोकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. नंतर त्यांच्यात विषाणू किती होता ते मोजलं आणि पुढे कुणाला कॅन्सर झाला ते पाहिलं. २००६ साली निकाल आला. सर्वांत कमी विषाणू असलेल्यांत १३ वर्षांत शंभरात जेमतेम एकाला कॅन्सर झाला, सर्वांत जास्त असलेल्यांत शंभरात सुमारे १५ जणांना. रक्तात विषाणू किती आहे हे मोजणं का महत्त्वाचं, ते यावरून कळतं.

गोळी घेतल्यावर काही महिन्यांनी तपासणीत विषाणू ‘सापडला नाही’ असं लिहून येतं. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. शेतात लव्हाळा माजतो. खुरपणी केली की वावर स्वच्छ दिसतं, पण जमिनीत गाठी शिल्लक असतात. खुरपणं सोडलं की तो पुन्हा वर येतो. या विषाणूची गाठ यकृताच्या पेशींमध्ये आत दडून राहते. गोळी वरचं सगळं खुरपून काढते, गाठ काढत नाही. म्हणून बरं वाटतंय, कागद चांगला आलाय, असं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. अचानक बंद केली तर विषाणू उसळतो आणि यकृताला जबर इजा होऊ शकते, कधी कधी जिवावर बेततं. बंद करायची की नाही हे डॉक्टरच तपासण्या पाहून ठरवतात.

प्रत्येकाला गोळी लागतेच असंही नाही. काहींच्या रक्तात विषाणू कमी असतो, यकृत चांगलं असतं. त्यांनी दर सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तशी तपासणी करत राहायचं. दारू मात्र कुणालाच चालत नाही. झाडपाल्याची, पुड्यांतली औषधंही यकृताला घातक ठरू शकतात.

आणि दुसऱ्याला लागण होण्याचा धोका? रक्तात विषाणू कमी झाला की तो धोकाही बराच उतरतो. हे इतकं पक्कं झालं आहे की अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं २०१२ साली स्पष्ट केलं, हिपॅटायटीस बी असलेल्या डॉक्टर-नर्सना किंवा विद्यार्थ्यांना केवळ या कारणानं काम आणि शिक्षण नाकारू नये. विषाणू ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर त्यांना योग्य देखरेखीखाली शस्त्रक्रियासुद्धा करता येतात. तुमच्या गावातल्या एखाद्या मुलीला नर्सिंगला प्रवेश घेताना हा रिपोर्ट आला, तर हे सांगायला विसरू नका.

तरीपण घरात गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. गोळीनं धोका कमी होतो, लसीनं समोरचा माणूस सुरक्षित होतो. नवऱ्याची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. ज्यांना लागण नाही त्यांना लसीचे तीन डोस, साधारणपणे आज, एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्याला. नवऱ्याचे डोस पुरे होऊन संरक्षण तयार होईपर्यंत निरोध वापरायचा. रेझर, ब्लेड, टूथब्रश, नखं काढायचं कटर, कानातली रिंग ज्याची त्याची. सांडलेलं रक्त हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्यानं पुसायचं, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस जगू शकतो.

बाकी काहीच वेगळं करायचं नाही. एका ताटात जेवल्यानं, एका तांब्यातलं पाणी प्यायल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं, मिठी मारल्यानं, तिच्या हातची भाकरी खाल्ल्यानं हा आजार होत नाही.

आईच्या गोळीनं बाळाचं रक्षण

शेवटचा टप्पा सर्वांत अलीकडचा. जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन देऊनही काही बाळांना लागण होतच होती. ती कुणाची बाळं? ज्या आयांच्या रक्तात विषाणू फार जास्त होता त्यांची. बीस्लींचा जुना धडा पुन्हा समोर आला. मग आईचाच विषाणू बाळंतपणाआधी दाबला तर?

चीनमध्ये असा भरपूर विषाणू असलेल्या २०० गरोदर बायांवर अभ्यास झाला. निम्म्यांना गरोदरपणाच्या ३० ते ३२ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर दिलं. सगळ्या बाळांना लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालं. २०१६ साली निकाल छापून आला. ज्या आया-बाळं शेवटपर्यंत अभ्यासात राहिली, त्यांच्यात गोळी घेतलेल्या आयांच्या एकाही बाळाला लागण झाली नाही. गोळी न घेतलेल्यांमध्ये शंभरात सातांना झाली.

थायलंडमध्येही असाच अभ्यास झाला, २०१८ साली छापला. तिथे गोळी न घेतलेल्या आयांच्या १४७ बाळांपैकी फक्त तिघांना लागण झाली, गोळी घेतलेल्यांत एकालाही नाही. गोळी न घेताही तिथे एवढं कमी प्रमाण कसं? एक मोठं कारण असं दिसतं, की तिथे बाळांना पहिली लस जन्मल्यावर साधारण सव्वा तासात दिली होती. वेळेवर मिळालेल्या लसीची ही ताकद आहे.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, ज्या गरोदर बाईच्या एक मिलीलिटर रक्तात विषाणूचं प्रमाण २ लाख युनिट किंवा जास्त आहे, तिला २८ व्या आठवड्यापासून निदान बाळंतपणापर्यंत टेनोफोव्हिर द्यावं. २०२४ साली पुढे जाऊन म्हटलं, जिथे विषाणू मोजायची सोय नाही तिथे सगळ्याच बाधित गरोदर बायांना ते देण्याचा विचार करावा. बाळाला जन्मल्याबरोबर लस मिळाली असेल तर आईनं अंगावर पाजायला हरकत नाही. बाधित आईचं दूध तोडू नका.

आपल्या देशात सुमारे ३ कोटी लोकांच्या रक्तात हा विषाणू आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, आणि बाधित आईच्या बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिनचीही तरतूद आहे. चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

आपल्या गटानं काय करायचं

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की पाच मिनिटं या विषयाला द्या.

गावात कोण गरोदर आहे ते आपल्याला माहीत असतंच. तिची हिपॅटायटीस बीची तपासणी झाली का, हे आशाताईंना विचारा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असेल तर तो चार जणींत बोलायचा नाही. तिला विषाणूचं प्रमाण मोजायची तपासणी सातव्या महिन्याच्या आधी मिळेल, एवढं बघायचं. बाळंतपण दवाखान्यातच करायचं, आणि तिथे बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन आहे का हे आधीच विचारून ठेवायचं. ते आयत्या वेळी मिळेलच असं नसतं.

बाळ कुणाचंही असो, आई बाधित असो वा नसो, माता-बाल कार्डावर हिपॅटायटीस बीच्या जन्माच्या डोसपुढे तारीख आहे का ते बघा. बाळंतपण रात्री झालं, रविवारी झालं, वाटेत गाडीत झालं, तर हाच डोस राहून जातो. ‘सहा आठवड्यांनी द्यायचीच आहे की’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सहा आठवड्यांनंतरची लस पुढच्या आयुष्यासाठी असते. बाळंतपणाच्या वेळी आईचं रक्त लागलेलं असतं, त्यासाठी पहिल्या चोवीस तासांतलीच लस लागते. सासूबाईंनी मनावर घेतलं तर हा डोस चुकणार नाही, कारण त्या वेळी बाळ त्यांच्याच मांडीवर असतं.

दवाखान्यात इंजेक्शन घेताना सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून फोडायला सांगा. उगाच ताकदीचं इंजेक्शन, सलाइन मागू नका. जत्रेत गोंदवून घ्यायचं असेल, मुलीचे कान टोचायचे असतील, तर नवी सुई आहे का बघा.

आणि एखाद्या घरी सुनेचं ताट वेगळं झालेलं कानावर आलं, तर दोघी-तिघी मिळून त्या घरी जा. भांडायला जाऊ नका. चहा घ्या, आणि तिच्या हातचाच घ्या. तिच्या सासूबाईंना सांगा, ‘काकू, हा आजार ताटा-वाटीतून होत नाही. तिला तो बहुतेक तिच्या जन्मासोबत मिळालाय. तिच्या बाळाला मिळू द्यायचा नाही, हे मात्र तुमच्या-आमच्या हातात आहे.’